बाकावरचा शेजार

मुंबईत शाळेचा दरवाजा कोणासाठी, केव्हा आणि कोणाच्या हुकुमाने उघडला, याचा वृत्तान्त सरकारी दफ्तरांत, कौन्सिलच्या ठरावांत आणि म्युनिसिपालिटीच्या अहवालांत बऱ्यापैकी सुरक्षित आहे. परंतु तो उघडल्यानंतर आत शिरलेल्या मुलाला कोणाच्या शेजारी बसावयास मिळाले, त्या शेजाऱ्याने त्याला आपले पुस्तक दाखविले की आपला डबा दूर सरकविला, आणि संध्याकाळी घरी परतल्यावर त्याच्या चाळीत अभ्यास करणारे दुसरे कोणी होते की नव्हते, हा वृत्तान्त कोणत्याही अहवालात एके ठिकाणी सापडत नाही. तो चरित्रांतून, आठवणींतून आणि या शहराच्या वस्त्यांच्या रचनेतूनच वेचावा लागतो. गिरगाव, परळ, लालबाग आणि दादर या भागांचा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा शैक्षणिक इतिहास या दृष्टीने पाहिला असता माझी अशी खात्री झाली आहे की, शिक्षणातील संधीची समता ही जितकी प्रवेशाची बाब आहे तितकीच, किंबहुना त्याहून अधिक, सोबतीची बाब आहे. आणि आपल्या सुधारकांनी व राज्यकर्त्यांनी पहिल्या बाबीसाठी जेवढी झुंज दिली तेवढी दुसरीसाठी क्वचितच दिली.

सोबतीचा हा प्रश्न राज्यकर्त्यांना अगदी आरंभीच जाणवला होता. १८५६ साली धारवाड येथे (तो जिल्हा त्या वेळी मुंबई इलाख्यात मोडत असे) एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून अर्ज केला, तेव्हा मुंबई सरकारपुढे उभा राहिलेला पेच जागेच्या टंचाईचा किंवा शिक्षकाच्या पगाराचा नव्हता. एकाला आत घ्यावे तर बाकीची मुले उठून जातील आणि शाळा ओस पडेल, ही धास्ती होती, आणि त्या धास्तीपुढे मान तुकवून सरकारने त्या मुलाला बाहेरच ठेवले. सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व जातींच्या प्रजेस खुल्या असल्या पाहिजेत, हे तत्त्व पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या विलायतेतील संचालकांनी घालून दिले. १८८२ च्या हंटर कमिशनने त्याचा पुनरुच्चार केला. आणि त्याच कमिशनपुढे जोतीराव फुले यांनी निवेदन सादर करून, शेतकऱ्याच्या घामातून जमणारा महसूल वरिष्ठ वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्ची पडतो आहे हे निक्षून सांगितले व बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. तत्त्व मान्य झाले. पण वर्गातील उरलेली मुले उठून गेली तर काय करावयाचे, या मूळ प्रश्नाला मात्र कोणी हात घातला नाही.

सोबत्यांच्या बळावर शाळा उभी राहते याचे एक उज्ज्वल उदाहरण त्याआधीच गिरगावाने पाहिले होते. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील विद्यार्थ्यांनी व तरुण अध्यापकांनी १८४८ साली स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी मुलींच्या शाळा काढल्या. या शाळांना प्रारंभी पगारी पंतोजी नव्हते. दादाभाई नौरोजी आणि त्यांचे सहाध्यायी आपापल्या कामाआधी सकाळच्या वेळी जाऊन विनामूल्य शिकवीत, आणि नाना शंकरशेट यांनी मुलींच्या शाळेला आपल्या वाड्यात जागा दिली. प्रतिष्ठित शेटियाच्या वाड्यात शाळा भरते म्हटल्यावर गिरगावातील कुटुंबांची भीड चेपली, आणि एका घरची मुलगी जाते म्हणून शेजारच्या घरची जाऊ लागली. स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात आपण संस्थापकांची नावे आदराने घेतो, ती घ्यावयासच हवीत. परंतु पहिलीच्या मागोमाग शाळेत गेलेल्या त्या दुसऱ्या मुलीचे श्रेयही मला तितकेच वाटते.

गिरणगावात मात्र मुलाला सोबत मिळाली ती शाळेबाहेर. कावसजी दावर यांची पहिली कापडगिरणी १८५६ मध्ये ताडदेवला सुरू झाली आणि पुढच्या तीन-चार दशकांत भायखळ्यापासून परळपर्यंतची शेते, वाड्या आणि तलाव गिरण्यांच्या भोंग्यांनी वेढले गेले. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी केली, याचाच अर्थ सात वर्षांच्या मुलाला नऊ तास राबविण्यास सरकारी मंजुरी मिळाली. १८९१ च्या कायद्याने ही मर्यादा नऊ वर्षांवर नेली व चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांचे काम सात तासांवर आणले. बारा वर्षांची मर्यादा येण्यास १९२२ साल उजाडावे लागले. कोकणातून किंवा घाटावरून आलेल्या कामगाराच्या मुलाचे सवंगडी हे असे बॉबिने उचलणारे, धागे जोडणारे त्याच्याच वयाचे अर्धवेळ कामगार होते. ज्या खोलीत तो राही त्या खोलीत एकाच गावचे पंधरा-वीस गडी पाळीपाळीने झोपत, पगाराच्या दिवशी खानावळवालीचा हिशेब होई, गावाकडे मनिऑर्डर जाई. पाटीपुस्तकाचा विषय तेथे निघावा कसा? बापाला मुलाच्या शिक्षणाची चाड नव्हती असे म्हणणे अन्यायाचे होईल. शिकून मोठा झालेला एकही माणूस ज्या चाळीत दिसत नाही, तेथे शिक्षणाची इच्छा कितीही असली तरी तिला धरावयास आधार नसतो.

अशाच एका चाळीत, लोअर परळच्या डबक चाळीत, १९०४ च्या सुमारास निवृत्त सुभेदार रामजी सकपाळ आपल्या मुलांना घेऊन साताऱ्याहून राहावयास आले. त्यांचा धाकटा मुलगा भीमराव, म्हणजे पुढचे डॉ. आंबेडकर, प्रथम मराठा हायस्कुलात आणि मग एल्फिन्स्टन हायस्कुलात जाऊ लागला. एल्फिन्स्टन ही सरकारी शाळा होती. दरवाजा उघडा होता, नाव पटावर होते, फी भरलेली होती. तथापि धनंजय कीर यांनी आपल्या चरित्रग्रंथात नोंदविलेला प्रसंग असा आहे की, एकदा शिक्षकांनी या मुलाला गणित सोडविण्यास फळ्यापाशी बोलाविले, त्याबरोबर वर्गातील इतर मुले धावत सुटली, कारण त्यांचे जेवणाचे डबे फळ्यामागे ठेवलेले होते आणि त्याचा स्पर्श होण्यापूर्वी ते तेथून हलवावयाचे होते. शिक्षकाने हाक मारली ती योग्यच होती, शाळेच्या नियमात कोठे उणीव नव्हती. जे घडले ते सर्वस्वी सहाध्यायांनी घडविले. समान संधीचा कायदा जेथे संपतो ती जागा या प्रसंगाइतकी स्पष्ट मला अन्यत्र कोठे दिसलेली नाही. संस्कृत शिकण्याची वाट बंद झाल्याने या विद्यार्थ्याने फारसी घेतली, एका खोलीच्या संसारात पहाटे दोन वाजता उठून दिव्यापाशी अभ्यास केला, आणि १९०७ मध्ये तो मॅट्रिक झाला.

ज्याला वर्गात सोबत मिळाली नाही त्याला ती वर्गाबाहेर मिळाली, ही या कथेची दुसरी बाजू आहे आणि ती विसरून चालणार नाही. गिरगावच्या विल्सन हायस्कुलातील शिक्षक आणि शिवचरित्रकार कृष्णाजी अर्जुन केळुसकर संध्याकाळी चर्नी रोडच्या बागेत वाचीत बसत. तेथे नेमाने येऊन वाचन करणाऱ्या या मुलाकडे त्यांचे लक्ष गेले, त्यांनी विचारपूस केली, पुस्तके पुरविली, मॅट्रिक झाल्यावर सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या सत्कारसभेत आपले बुद्धचरित्र भेट दिले, आणि पुढे कॉलेजच्या शिक्षणाचा खर्च निभेना तेव्हा बडोद्याच्या सयाजीराव महाराजांपर्यंत त्याची शिफारस पोहोचविली. केळुसकर त्या मुलाच्या शाळेतील शिक्षक नव्हते, जातीचे नव्हते, चाळीतील नव्हते. शहर नावाच्या रचनेत एक सार्वजनिक बाग होती, तिच्यात बसण्यास कोणालाही मज्जाव नव्हता, म्हणून ही भेट होऊ शकली. शाळेने जे दिले नाही ते बागेच्या बाकाने दिले. परंतु त्या काळी परळच्या चाळींतून वाढणाऱ्या हजारो मुलांपैकी किती जणांच्या वाट्याला असा केळुसकर आला असेल?

याच सुमारास, १८ ऑक्टोबर १९०६ रोजी, महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी परळमध्येच, मुरारजी वालजी यांच्या बंगल्यात, निराश्रित साहाय्यकारी मंडळीची पहिली शाळा न्यायमूर्ती चंदावरकरांच्या हस्ते सुरू केली. अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी ही वेगळी शाळा होती. भेद नाहीसा करावयास निघालेल्या पुरुषाला वेगळी शाळा काढावी लागावी, यातील वेदना शिंद्यांना ठाऊक होती. पण जेथे संमिश्र बाकावर मुलाला रोज अपमान गिळावा लागतो तेथे निदान निर्भयपणे अक्षर गिरविता येईल अशी जागा देणे हे त्या घडीचे कर्तव्य होते, असे माझे मत आहे. बोले यांचा ठराव मुंबई कौन्सिलात ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे व धर्मशाळांबरोबर सार्वजनिक शाळाही अस्पृश्यांना खुल्या असल्याचे जाहीर झाले. पण खुली शाळा आणि मोकळी सोबत यांमधले अंतर ठरावाने कमी होणारे नव्हते.

हे अंतर जातीने जसे राखले तसे शहराच्या नकाशानेही राखले, आणि या नकाशाचा कर्ता एकच होता. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये, सरकारने बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. या ट्रस्टने परळसारख्या भागात कामगारांसाठी एकेका खोलीच्या चाळी बांधल्या, आणि त्याच ट्रस्टने दादर-माटुंग्याची शेते व ओसाड जमीन आखून मध्यमवर्गासाठी रुंद रस्त्यांच्या, बागांच्या, हवेशीर इमारतींच्या वसाहती वसविल्या. पुढे विकास विभागाने बीडीडी चाळी उभारल्या: वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी मिळून २०७ इमारती, आणि एका कुटुंबास साधारण १६० चौरस फुटांची एक खोली. शाळा वस्तीच्या मागोमाग आल्या. हिंदू कॉलनीत किंग जॉर्ज हायस्कूल, जे आज राजा शिवाजी विद्यालय म्हणून ओळखले जाते, आणि शिवाजी पार्कला दादासाहेब रेगे यांनी १९४० मध्ये काढलेले बालमोहन विद्यामंदिर, या शाळांनी मराठी माध्यमाला जे वैभव दिले ते निर्विवाद आहे. गिरगावातील आर्यन एज्युकेशन सोसायटीच्या शाळेने १८९७ पासून तेच केले. परंतु या शाळांत वकिलाच्या, डॉक्टराच्या, कारकुनाच्या आणि मास्तराच्या मुलाशेजारी प्रायः तशीच मुले बसली, कारण मैलभराच्या आसमंतात तशीच घरे होती. रेल्वेच्या रुळांपलीकडच्या परळात साचेवाल्याच्या मुलाशेजारी साचेवाल्याचाच मुलगा बसला. कोणी कोणाला मुद्दाम दूर लोटले नाही. भूखंड आखणाऱ्याने सोबत्यांची वाटणीही आखून ठेवली होती.

म्युनिसिपालिटीने प्राथमिक शिक्षणाची सक्ती १९२५ साली सुरू केली ती याच भागात, एफ आणि जी या वॉर्डांत, ज्यांत गिरणगावाचा मोठा हिस्सा मोडे. ही सक्ती मी या शहराच्या इतिहासातील थोर घटनांपैकी एक मानतो. हजेरीसाठी माणूस चाळीत येऊ लागला, पाट्या-पुस्तके फुकट मिळू लागली, आणि ज्या खोलीत पिढ्यान्‌पिढ्या अंगठा उठला होता तेथे सही करणारा हात तयार झाला. गिरणीच्या साचेखात्यात शेजारी शेजारी उभे राहणारे मराठी, तेलुगू आणि उर्दू बोलणारे कामगार आपली मुले भाषावार वेगवेगळ्या शाळांत धाडीत, हे खरे. मातृभाषेतून शिक्षण देण्यासाठी ते आवश्यकही होते. मात्र या सर्व मुलांना एक गोष्ट समान मिळाली: त्यांच्या वर्गात चौथीच्या पुढे नक्की जाणार असा आत्मविश्वास बाळगणारे मूल विरळा असे.

ती उणीव शाळेने भरून काढली नाही; ती परळच्या कामगार चळवळीने आणि रात्रशाळांनी भरून काढण्याचा प्रयत्न केला, आणि या प्रयत्नाचे महत्त्व आपल्याकडे फार कमी लेखले गेले आहे. नारायण मल्हार जोशी यांनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली व कामगारवस्तीत रात्रशाळा, वाचनालये आणि फिरती ग्रंथालये चालविली. लीगचे परळचे केंद्र म्हणजे दामोदर हॉल. त्याच दामोदर हॉलमध्ये ९ मार्च १९२४ रोजी डॉ. आंबेडकरांनी बोलाविलेल्या सभेतून बहिष्कृत हितकारिणी सभा जन्मास आली. तिच्या कार्यक्रमात वसतिगृहे होती, मोफत वाचनालय होते, आणि महार तरुणांसाठी एक हॉकी क्लबही होता. हॉकी क्लबाचा उल्लेख वाचून कित्येकांना नवल वाटेल. मला त्यात डॉक्टरांची खोल शैक्षणिक दृष्टी दिसते. वसतिगृह म्हणजे अभ्यास करणाऱ्या मुलांचा शेजार, वाचनालय म्हणजे वाचणाऱ्यांचा शेजार, आणि क्लब म्हणजे जुगार व दारूच्या संगतीतून तरुणाला सोडवून त्याला दिलेली दुसरी संगत. ज्याला फळ्यापाशी जाताना डबे हलताना दिसले होते, त्याने सोबत उभी करणे हेच शिक्षणाचे पहिले काम ठरवावे, यात एक सुसंगती आहे. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने पुढच्या वर्षी सिद्धार्थ महाविद्यालय काढले आणि नोकरी करणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग भरविले, तेही याच विचाराने.

रात्रशाळेचे स्वरूप ज्याने पाहिले नाही त्याला तिची शक्ती कळणे कठीण. दिवसा ज्या इमारतीत लहान मुलांची शाळा भरते तिच्याच बाकांवर संध्याकाळी बदली कामगार, हॉटेलातील पोऱ्या, छापखान्यातील जुळारी, घरकाम करणारी बाई आणि पोस्टातील हमाल एकत्र बसतात. पंधरा वर्षांच्या मुलाशेजारी तीस वर्षांचा बाप्या बसून बीजगणिताचे समीकरण विचारतो. कोणी पाळी बदलली म्हणून महिनाभर येत नाही, तेव्हा दुसरा त्याच्या वहीत टिपण उतरवून ठेवतो. दिवसाच्या शाळेत नादारी मागताना मान खाली घालणारे मूल येथे मान खाली घालीत नाही, कारण शेजारी बसलेला प्रत्येक जण कमावून शिकतो आहे. अशा संगतीचा प्रभाव वर्गाच्या चार भिंतींपलीकडेही पसरत असे. वाटेगावच्या शाळेत दीड दिवस काढलेल्या अण्णा भाऊ साठे यांनी मुंबईत आल्यावर चळवळीतील सोबत्यांच्या सहवासात आणि दुकानांच्या पाट्या वाचीत अक्षरांवर पकड मिळविली. परळच्या गिरणीकामगार दांपत्याने वाढविलेले नारायण सुर्वे म्युनिसिपल शाळेत आधी शिपाई होते, आणि मग अशाच शाळेत शिक्षक झाले. वरळीच्या बीडीडी चाळींजवळच्या एका रस्त्याला लोक आजही अभ्यास गल्ली म्हणतात. घरात जागा नाही म्हणून चाळींतील मुले तेथे रस्त्याच्या दिव्याखाली बसून परीक्षेची तयारी करीत आली. दिव्याचे कौतुक सर्वांनी केले. पण दिवा तर चाळीच्या दाराशीही होता. मुले त्या गल्लीत गेली ती तेथे वाचणारी आणखी मुले होती म्हणून.

शाळेच्या आतसुद्धा सोबत कशी वाटली जाते, याचा एक नमुना आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे: तुकड्या. गुणानुक्रमे मुलांची अ, ब, क, ड अशी विभागणी करण्याची रीत दादर-गिरगावच्या नामांकित शाळांत दीर्घकाळ रूढ होती. ज्या साचेवाल्याच्या किंवा पोलिसाच्या मुलाने मोठ्या मुष्किलीने अशा शाळेत प्रवेश मिळविला, ज्याला पुढे १९५९ पासून राज्य सरकारच्या आर्थिक सवलतीमुळे फीचीही विवंचना उरली नाही, त्याला घरी शिकविणारे कोणी नसल्यामुळे तो पहिल्या वर्षी मागे पडे आणि ड तुकडीत जाऊन पुन्हा आपल्यासारख्यांतच बसे. अ तुकडीत शिकवणीच्या वर्गांची, शिष्यवृत्तीच्या परीक्षांची, वाचावयाच्या पुस्तकांची वार्ता मधल्या सुट्टीत सहज कानी पडे. ड तुकडीत ती पोहोचत नसे. शिक्षक तेच, इमारत तीच, क्रमिक पुस्तक तेच. फरक मधल्या सुट्टीतील संभाषणाचा होता, आणि शालान्त परीक्षेच्या निकालात तो गुणांच्या रूपाने उमटत असे.

१९५४ साली मुंबई राज्य सरकारने हुकूम काढून इंग्रजी माध्यमाच्या शाळा अँग्लो-इंडियन आणि आशियाई वंशाच्या नसलेल्या नागरिकांपुरत्या मर्यादित करण्याचा प्रयत्न केला. हायकोर्टाने तो हुकूम रद्द ठरविला आणि त्याच वर्षी सुप्रीम कोर्टानेही तोच निर्णय कायम केला. नागरिकाच्या हक्काच्या दृष्टीने निकाल योग्य होता. तथापि त्या दिवसापासून ज्याच्या खिशात फी आहे त्याला आपल्या मुलासाठी सोबती निवडण्याची मुभा मिळाली, आणि ज्याच्या खिशात नाही त्याच्यासाठी उरलेले सोबती राहिले, हा परिणामही प्रांजळपणे नोंदविला पाहिजे.

१९६६ च्या मध्यास पृथ्वीच्या दोन टोकांना दोन अहवाल प्रसिद्ध झाले. अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांनी सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांची पाहणी करून असा निष्कर्ष काढला की, इमारती, ग्रंथालये आणि प्रयोगशाळा यांतील फरकांपेक्षा मुलाचे घर आणि त्याच्या वर्गातील इतर मुलांची पार्श्वभूमी यांचा त्याच्या प्रगतीशी अधिक निकटचा संबंध असतो, आणि सहाध्यायांचा हा प्रभाव वंचित मुलांवर विशेष पडतो. त्यावर पुढे पुष्कळ वाद झाले. इकडे कोठारी आयोगाने, ज्याचे सदस्य-सचिव महाराष्ट्राचे जे. पी. नाईक होते, चांगले शिक्षण गुणवत्तेऐवजी फी भरण्याच्या ऐपतीवर मिळते आहे असे स्पष्ट सांगून, परिसरातील सर्व मुलांनी एकाच शाळेत शिकावे अशी शिफारस केली. परळच्या चाळीला जे साठ वर्षांपूर्वीच ठाऊक होते ते आता दोन अहवालांनी आकडे व युक्तिवाद देऊन मांडले. १९६८ च्या राष्ट्रीय धोरणात समान शाळापद्धतीचा उल्लेख झाला आणि तेथेच तो विसावला.

पुढचा काळ थोडक्यात सांगतो. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणीकामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात ओढले गेले, आणि त्यांच्या मुलांपैकी अनेकांची शाळा त्या होरपळीत सुटली. गिरण्यांच्या जागी टॉवर आले, त्यांतील मुले मोटारीने दूरच्या शाळांत जाऊ लागली. कारकून, शिक्षक, दुकानदार अशा ज्या मराठी कुटुंबांनी एके काळी म्युनिसिपल शाळेत आपली मुले धाडली होती, त्यांनी ती इंग्रजी माध्यमाकडे वळविली. म्युनिसिपल शाळेतील शिक्षक आज पूर्वीपेक्षा अधिक शिकलेले आहेत, गणवेश आणि पुस्तके मिळतात. पण ज्यांच्या घरी तक्रार करण्याचे बळ होते ती घरे निघून गेल्यावर तेथे उरलेल्या मुलाची बाजू घेणारा शेजारी पालक राहिला नाही.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रथमच सोबतीच्या प्रश्नाला हात घातला. खाजगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या वर्गात २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील परिसरातील मुलांना द्याव्यात, ही तरतूद म्हणजे धारवाडच्या त्या अर्जाला मिळालेले दीडशे वर्षांनंतरचे उत्तर आहे, असे मी मानतो. लालबागच्या चाळीतील मूल आणि समोरच्या टॉवरमधील मूल यांच्या घरांत रस्त्याची रुंदी एवढेच अंतर असते. एका बाकावर बसविण्याइतकी ती जवळ आहेत. म्हणूनच फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलून, सरकारी किंवा अनुदानित शाळा जवळ असेल तेथील खाजगी शाळांना या जबाबदारीतून सूट दिली, तेव्हा मला अतिशय दुःख झाले. आणि जुलैमध्ये मुंबई हायकोर्टाने तो बदल रद्द केला, तेव्हा तितकाच आनंद झाला. मात्र कायद्याचे हे संरक्षण आठवीपर्यंतच आहे. सोडतीत नंबर लागून पहिलीत आलेले मूल आठ वर्षे त्याच मुलांबरोबर डबा खाते, त्यांच्याच वह्या उतरवून घेते, त्यांच्यासारखेच डॉक्टर-इंजिनियर होण्याची भाषा शिकते, आणि नववीच्या दाराशी त्याच्या हाती पूर्ण फीची पावती येते. जी सोबत शिक्षणात सर्वांत अधिक उपयोगी पडावयाची त्या शालान्त परीक्षेच्या दोन वर्षांत ती तुटते. कायद्यात दुरुस्ती करावयाचीच असेल तर ती या ठिकाणी झाली पाहिजे, आणि मुंबईच्या पालकांनी, विशेषतः ज्यांची मुले त्या मुलांच्या शेजारी बसली त्यांनी, ती मागितली पाहिजे.